मिशनच्या देवळातला कौल

बन्यामीन रणभिसे मास्तरांनी आयुष्यात एकच सेमिनार पाहिला होता, आणि तोही दाराजवळच्या बाकावरून. पण अख्ख्या शिरूरात सेमिनार पाहिलेला दुसरा माणूस नसल्यामुळे त्या एकावरच त्यांचं बरंच भागत असे.

बी.एस्सी.च्या वर्षी एका मित्रानं त्यांना पुण्याच्या विद्यापीठात नेलं होतं. एका गृहस्थानं फळ्यावर काहीतरी सिद्ध करायचं आणि बाकीच्यांनी त्याला ते सुखासुखी करू द्यायचं नाही, असा तो प्रकार. मास्तरांना त्यातलं गणित फारसं कळलं नाही. पण एक गोष्ट मनात घर करून बसली. त्या खोलीत कुणी कुणाला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, कुणाची चिठ्ठी आणली तेही विचारलं नाही. विचारत होते ते एवढंच, "कशावरून?" उत्तर असलं तर माणूस उभा राहत होता, नसलं तर मुकाट्यानं बसत होता. मिशनच्या आवारात वाढलेल्या आणि जन्मभर कुणाच्या तरी चिठ्ठीवर पुढं सरकलेल्या मास्तरांना ती खोली स्वर्गासारखी वाटली. शिरूरला मिशनच्या शाळेत सायन्स शिकवायला लागल्यावर त्यांनी तो प्रश्न सोबत आणला. पोरानं आभाळ निळं असतं म्हटलं तरी मास्तर म्हणत, कशावरून?

रशियानं आभाळात कृत्रिम चंद्र सोडला त्या हिवाळ्यात तालुक्यातल्या लोकांना अचानक विज्ञानाची गोडी लागली. विद्यापीठाची बहिःशाल व्याख्यानं तेव्हा गावोगाव होत. मास्तरांनी पुण्याला पत्रावर पत्र धाडून पदार्थविज्ञानाचे एक तरुण प्राध्यापक मिळवले. उकिडवे त्यांचं नाव. विषय ठरला, पृथ्वी फिरते हे डोळ्यांनी पाहा. पहिलं व्याख्यान शिरूरला, दुसरं पुढं महिन्या-दीड महिन्यानं दौंडला.

प्रयोग सांगायला सोपा होता. उंचावरून लांब तारेनं जड गोळा टांगायचा आणि झोका देऊन सोडून द्यायचा. गोळा आपला एकाच रेषेत झुलत राहतो. खालची जमीन मात्र पृथ्वीबरोबर हळूहळू वळते, त्यामुळं पाहणाऱ्याला वाटतं की झोक्याची रेषाच सरकते आहे. ते कळावं म्हणून खाली एक मोठी गोल फळी ठेवायची, तिच्या कडेला अंशांच्या खुणा आणि एका बाजूला एक हलकीशी लाकडी खुंटी. रेषा सरकत सरकत खुंटीपर्यंत आली की गोळा खुंटीला पाडतो. पृथ्वी फिरते याला याहून सोपी साक्ष नाही.

शिरूरात सगळ्यात उंच आढं मिशनच्या देवळाचं. पाळकसाहेबांनी थोडा विचार करून परवानगी दिली. पृथ्वी देवानंच फिरवली आहे, तेव्हा ती फिरताना त्याच्या घरात पाहायला हरकत नसावी, असं ते म्हणाले. फळी मिशनच्या सुतारशाळेत झाली. खुंटी कुठं बसवायची हे मास्तरांनी स्वतः हिशोब करून ठरवलं. घोटाळा झाला तो तिथंच.

मास्तरांच्या इंग्रजी पुस्तकात रेषा तासाला किती सरकते याचा आकडा छापलेला होता. तो आकडा पॅरिसचा होता. विषुववृत्ताच्या जितकं जवळ यावं तितकी रेषा आळशी होते, हे त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेलं होतं. पण बारीक अक्षर वाचायला ज्याचा आनंद आड येत नाही तो माणूस वेगळा. मास्तरांनी पॅरिसचा आकडा सरळ शिरूरला लावला. खुंटी चार बोटांवर हवी होती ती वीतभर लांब बसली.

आणि वर त्यांनी बढाई मारली. गावोगावच्या पुढाऱ्यांना स्वतः जाऊन आमंत्रणं दिली. व्याख्यान संपायच्या आत खुंटी पडेल, न पडली तर मला विचारा, असं तळेगावच्या बाजारापासून निमोण्याच्या चावडीपर्यंत सांगत सुटले. त्यामुळं त्या संध्याकाळी देऊळ खचाखच भरलं. रविवारी पुढचे बाक रिकामे ठेवून मागं बसणारे लोकही पुढं घुसले.

उकिडवे सर बोलले छान. हडकुळा, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा माणूस, पण बोलायला लागला की शेतकऱ्यालाही वाटावं हा आपल्या बैलाबद्दलच सांगतो आहे. आल्याआल्या खुंटीकडं पाहून ते म्हणाले होते, जरा लांब वाटते हो. मास्तरांनी हिशोब केला आहे म्हटल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. विद्यापीठातल्या माणसानं आपला हिशोब न तपासता मान हलवावी, या सुखात मास्तर फळीशेजारी राखणीला बसले. कुणा पोरानं धक्का लावू नये म्हणून.

अर्ध्या व्याख्यानात त्यांच्या लक्षात आलं. रेषा सरकत होती, नाही असं नाही. पण ज्या चालीनं ती चालली होती त्या चालीनं खुंटीपर्यंत पोचायला लोकांना देवळातच जेवायला घालावं लागलं असतं. मास्तरांच्या डोळ्यांपुढं एकदम पुस्तकाचं ते पान आलं, आणि पानाच्या तळाचं बारीक अक्षरही आलं. पुढं निमोण्याचे दोघे भाऊ मारुतराव आणि हौसराव खुंटीवरची नजर हलू न देता बसले होते. मागं शाळेचे सगळे मास्तर, त्यातले निम्मे तरी खुंटी पडू नये म्हणून मनात प्रार्थना करत असावेत. एवढ्यात सरांनी चंद्राची आणि ग्रहांची चित्रं पडद्यावर दाखवायला कंदील बारीक करायला सांगितले. देवळात अंधार झाला. शनीचं कडं पाहून सगळं देऊळ 'अरे वा' म्हणालं, आणि बन्यामीन मास्तरांचा उजवा पाय वहाणेतून बाहेर आला.

त्यांनी फळी सरकवली. जोरात नाही, अंगठ्यानं, मांजर दार ढकलतं तशी.

टक् करून खुंटी पडली.

कंदील मोठे झाले. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनीही वाजवल्या. उकिडवे सर मात्र टाळ्या न वाजवता फळीजवळ वाकले, अंशांच्या खुणा पाहिल्या, चष्मा वर केला, परत पाहिल्या. एवढी सरकली, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि खिशातल्या कागदावर आकडा टिपून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर अपेक्षेपेक्षा जास्त मिळाल्यावर भल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो तसा संकोच होता.

घरी राहेलबाईंनी नवऱ्याला पाय धुवायला पाणी दिलं. त्या देवळात बायकांच्या बाजूला पुढच्याच बाकावर होत्या. उजव्या पायाच्या अंगठ्याला फळीवरच्या खडूची पांढरी पूड लागलेली होती. ती त्यांनी पाहिली, आणि पाणी ओतता ओतता शांतपणे विचारलं, "अहो, पृथ्वी फिरली, का तुम्ही?"

मास्तर म्हणाले, प्रयोगात थोडंफार इकडंतिकडं करावं लागतं. राहेलबाई म्हणाल्या, असेल बाई. एवढ्यावर ते प्रकरण मिटलं असं मास्तर धरून चालले. कुणाचं काही गेलं नव्हतं. पृथ्वी फिरते हे खरंच होतं; खऱ्या गोष्टीला जरा टेकू दिला, इतकंच. अपराधी मनाचा हिशोब असाच असतो. जमेच्या बाजूला आधी मोठा आकडा मांडून ठेवायचा, म्हणजे नावे काय पडलंय ते पाहायला सवडच राहत नाही.

पुढच्या आठवड्यात मारुतराव दारात उभे राहिले. डोक्यावर पाटी, पाटीत वांगी आणि हरभऱ्याचा डहाळा.

ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. निमोण्याला दोघा भावांची जमीन लागून. विहीर दोघांत एकच पाडायची, पण कुठं? मारुतराव म्हणत आपल्या चिंचेखाली, हौसराव म्हणत ओढ्याच्या वळणावर, त्याच्या हद्दीत. विहीर चिंचेखाली झाली तर हौसरावाच्या रानात पाणी न्यायचा पाट मारुतरावांच्या जमिनीतून जाणार. म्हणजे त्याचं भिजणं जन्मभर थोरल्याच्या मर्जीवर. हे मारुतरावांनी सांगितलं नाही, पण वांग्यांच्या तुकतुकीतपणावरून ते कळत होतं. दोन वर्षं भांडण चाललं होतं. शेवटी असं ठरलं की कौल लावायचा. गावच्या देवापुढं कौल लावतात तेव्हा देवाच्या अंगाला फूल चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि फूल पडलं तर देवाचा होकार धरतात. पण त्या देवळाचा गुरव मारुतरावांच्या सासुरवाडीकडचा, म्हणून हौसराव तयार होईना.

"मंग तुमी ते खुंटीचं आवतन दिलं," मारुतराव म्हणाले. "म्हनलं, ह्यो कौल बरा. खुंटी पडली तर चिंच, न्हाई पडली तर ओढा. हौशा हसला. म्हनला, लाकडाची खुंटी आपसूक पडती व्हय? आन् पडली की वो मास्तर."

ते मिशनचं देऊळ आहे, तिथं कौलबिल नसतो, तो नुसता पदार्थविज्ञानाचा नियम आहे, असं मास्तर कसंबसं म्हणाले. मारुतरावांनी ऐकून घेतलं. मग परवा हुरड्याला या, खड्डा दाखवतो, असं म्हणून पाटी रिकामी करून गेले.

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. राहेलबाईंनी वांगी शिजवली नाहीत, परतही पाठवली नाहीत. ती कोपऱ्यात सुकत राहिली.

निमोण्याला मास्तर गेले ते सगळं सांगून टाकायच्या ठरावानं. वाटेत वाक्यंही जुळवली होती. चिंचेखाली कमरेइतका खड्डा झाला होता आणि त्यात हौसराव उघड्या अंगानं कुदळ चालवत होता. भावाच्या मर्जीची विहीर हा माणूस भावापेक्षा जास्त जोरानं खणत होता. मास्तरांना पाहून तो वर आला, हात धुतले, गोवऱ्यांच्या आगटीशी बसून त्यानं स्वतः कणसं भाजली, तळहातावर चोळून हिरवागार हुरडा मास्तरांपुढं पानावर टाकला.

मास्तरांनी बिचकत विचारलं, हौसराव, तुम्हाला हे मनापासून पटलं का?

"पटायचं काय त्यात," हौसराव म्हणाला. "आमच्या देवाला आमची भांडणं ठावं हायेत, गुरवाला तर त्याहून ठावं. तुमच्या देवाला दादा बी म्हाईत न्हाई आन् मी बी न्हाई. त्यो कशाला कुनाची बाजू घेईल?"

मास्तर म्हणाले, तो देवाचा कौल नव्हता, पृथ्वी फिरते म्हणून...

"मंग तर आनखी पक्कं. देव एखाद् वेळी कुनाचं तोंड बघंल. पृथ्वी कुनाचं बघती?"

त्यानं आणखी एक कणीस चोळलं. हुरडा गरम होता, गोड होता. जुळवलेली वाक्यं मास्तरांच्या घशापर्यंत आली, आणि हुरड्याबरोबर परत खाली गेली. जवसाची चटणीही त्यांनी मागून घेतली. निघताना हौसरावानं घरी न्यायला कणसं बांधून दिली, तीही घेतली.

त्यानंतर मास्तर वर्गात 'कशावरून' म्हणेनासे झाले. पोरं म्हणतील ते खरं. मुलांना वाटलं, मास्तर सुधारले.

पण माणूस अपराधी असला म्हणून काही कमी हुशार होत नाही. मास्तरांनी एक तोड काढली. दौंडच्या व्याख्यानाला हौसरावाला घेऊन जायचं. तिथं कुणी पाय लावणार नाही, म्हणून खुंटी पडणार नाही. हौसराव डोळ्यांनी पाहील आणि ज्याचं त्याला कळेल. आपण तोंड उघडायला नको, पृथ्वीच काय ते सांगेल. आमंत्रण दिलं हौसरावाला, आणि त्याच्याबरोबर मारुतरावही निघाले. तिघं आणि ती गोल फळी असे एस.टी.नं दौंडला उतरले.

उकिडवे सर पुण्याहून गाडीनं आले. स्टेशनाबाहेर चहा घेताना त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं.

शिरूरचा आकडा त्यांनी विद्यापीठात आपल्या सेमिनारपुढं ठेवला होता. आकडा असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त. मग काय, सगळे तुटून पडले. एक म्हणाला तारेला पीळ असणार, दुसरा म्हणाला वारा. विभागप्रमुखांनी तर विचारलं, शिरूरची पृथ्वी पुण्याच्या पृथ्वीपेक्षा घाईत आहे का? सगळे हसले. सर हे सांगताना स्वतःही हसत होते, पण चष्मा पुसायचे थांबत नव्हते.

"एक शंका कुणीतरी काढली, फळीला धक्का लागला असेल," सर म्हणाले. "मी म्हटलं ते शक्य नाही. रणभिसे स्वतः शेजारी बसले होते. तेवढं एक मी छातीठोक सांगितलं."

मास्तरांनी चहा खाली ठेवला. ज्या खोलीत कुणाची चिठ्ठी चालत नाही त्या खोलीत त्यांच्या नावाची चिठ्ठी कुणीतरी छातीठोक दिली होती, आणि ती खोटी होती.

दौंडला रेल्वेच्या वस्तीजवळ एका शाळेचा उंच पत्र्याचा हॉल होता. फायरमन, पॉइंट्समन, त्यांच्या बायका, बाजारातले व्यापारी, असे पुष्कळ लोक आले होते. या वेळी सरांनी तारेचा फास स्वतः चारदा तपासला, फळी जमिनीला खिळे ठोकून पक्की केली, आणि खुंट्या दोन लावल्या. एक चार बोटांवर, जिथं हवी तिथं. दुसरी वीतभर लांब, शिरूरला होती तिथंच.

जवळची खुंटी वेळेवर पडली. टाळ्या झाल्या. लांबची उभीच राहिली. व्याख्यान संपलं, आभार मानायला कुणीतरी उठलं, तरी ती उभीच.

सरांनी शंका असल्यास विचारा म्हटलं. अशा वेळी पहिली शंका नेहमी शाळेच्या हेडमास्तरांची असते आणि ती शंका नसून भाषण असतं. ते झाल्यावर मागच्या बाजूनं हौसराव उठला. पटका काखेत घेतलेला, आवाज शांत.

"साहेब, शिरूरला लांबची पडली. हितं का न्हाई पडली?"

हॉलमध्ये कुणाला यातलं काही कळलं नाही. मारुतरावांना कळलं, ते खाली पाहू लागले. सरांनी चष्मा वर सरकवला.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर शिरूरला माझंच काहीतरी चुकलं. तार मी नीट बांधली नसणार. चूक माझी, पृथ्वीची नाही."

लोक हसले. सरांना हलकं वाटलं असावं. हौसरावानं मान डोलावली आणि तो खाली बसायला लागला. म्हणजे प्रकरण मिटत होतं. मास्तरांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. पृथ्वीकडून जे वदवून घ्यायचं होतं ते पुण्याच्या एका भल्या माणसानं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं आणि हॉल हसून मोकळा झाला होता. आणि उद्या सकाळी हौसराव चिंचेखालच्या खड्ड्यात परत उतरणार होता. तारेची चूक म्हणजे काही कुणाची लबाडी नव्हे. कौल तो कौलच.

मास्तर उठले तेव्हा त्यांना वाटलं, दुसरंच कुणीतरी उठलं आहे.

"तार बरोबर होती," ते म्हणाले. "शिरूरला खुंटी पृथ्वीनं पाडली नाही. मी पाडली. अंधारात फळी पायानं सरकवली."

बाहेर यार्डात डबे जोडल्याचा आवाज आला. सरांच्या तोंडून जे निघालं ते रागाचं नव्हतं. सेमिनारात बसून बसून जिभेला जी सवय लागते तिनंच ते आलं.

"कोणत्या बाजूला?"

"रेषा सरकत होती तिच्या उलट," मास्तर म्हणाले.

सरांनी मान हलवली. म्हणजे बेरीज बरोबर बसते, असं ते म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. ते खुर्चीवर बसले. आभार मानणाऱ्यांनी आभार आटोपते घेतले.

बाहेर, एस.टी.ची वाट पाहताना, मारुतरावच आधी बोलले. त्यांचं म्हणणं कौल बदलत नाही. देवाला पाय नसतात, कुणाचा तरी घ्यावा लागतो. त्या दिवशी त्यानं मास्तरांचा घेतला. युक्तिवाद काही कच्चा नव्हता. पण हौसराव भावाशी बोलतच नव्हता. तो मास्तरांसमोर येऊन उभा राहिला.

"मास्तर, पाय हालला ते मला उमजतं," तो म्हणाला. "चार मान्सांत इज्जत जायची वेळ आली का मानूस बावचळतो. त्याला माजं काय न्हाई. पर तुमी निमोन्याला आलता. खड्डा बघितला. म्या कनसं भाजली. हुरडा खाताना कुटं व्हता अंधार?"

उत्तर नसलं की माणूस बसतो, असं मास्तरांनी विद्यापीठातल्या त्या खोलीत पाहिलं होतं. इथं बसायला काही नव्हतं. ते खिळे उपसून आणलेली फळी धरून उभेच राहिले.

परतीच्या गाडीत दोघे भाऊ वेगवेगळ्या बाकांवर बसले.

पुढच्या शनिवारी उकिडवे सरांनी मास्तरांना सेमिनारला बोलावून घेतलं. ज्या खोलीत परत एकदा बसायला मिळावं म्हणून मास्तर वर्षानुवर्षं झुरत होते, तिथं त्यांना पुढची खुर्ची मिळाली. त्यांनी सगळं सांगितलं. विद्वानांनी मन लावून ऐकलं. फळी किती सरकली असेल, पायाला अंदाज कसा आला, असले प्रश्न विचारले. एकानं विचारलं, कशावरून? मास्तर म्हणाले, माझाच पाय होता. सगळे दिलखुलास हसले, विभागप्रमुखांनी पाठीवर हात ठेवला, चहा आणि बिस्किटं आली. सर दारापर्यंत सोडायला आले आणि मनात काही ठेवू नका म्हणाले. ते मनापासून म्हणाले. पुण्याचा हिशोब चहाच्या एका पेल्यात मिटला. त्यांचा आकडा जुळला होता, आणि आकडा जुळला की त्या खोलीत कुणाचं काही येणं राहत नव्हतं.

मास्तर बिस्कीट हातात घेऊनच परतले. खाल्लं नाही.

निमोण्याला चिंचेखालचा खड्डा तसाच पडून होता. हौसरावानं ओढ्याच्या वळणावर स्वतःपुरती वेगळी विहीर खणायला घेतली होती. एकट्यानं. मारुतरावांनी आपला खड्डा पुढं नेला नाही. मजूर लावायचे तर मजुरीचा अर्धा वाटा उचलायला भाऊ लागतो, आणि भाऊ आता बांधापलीकडं होता. गावातले लोक म्हणत, विद्यापीठाचं व्याख्यान झालं आणि दोन भाऊ वेगळे झाले. कुणालाच ते पूर्ण खोटं आहे असं सांगता आलं नसतं. मास्तरांना तर नाहीच. मुकाट राहिले असते तर एका भावाची फसवणूक नांदली असती. बोलले तर दोघांचं घर फाटलं. यातलं कुठलं कुणाच्या नावे मांडायचं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही आपल्याच नावे मांडली.

शनिवारी शाळा अर्धी असे. सेमिनारनंतरच्या शनिवारी मास्तर धोतर वर खोचून ओढ्याच्या वळणावर गेले. हौसराव खड्ड्यात होता. त्यानं वर पाहिलं, या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मास्तरांनी काठावर पडलेलं घमेलं उचललं आणि खाली धरलं. हौसरावानं त्यात मुरूम टाकला.

मास्तर तो वाहून टाकायला लागले. खडूच्या हातांना लगेच फोड आले. राहेलबाईंनी निघताना दिलेला फडका त्यांनी हाताला गुंडाळला. पुढच्या शनिवारी ते पुन्हा गेले, त्याच्याही पुढच्या शनिवारी गेले. बांधापलीकडून मारुतराव कधीमधी पाहून जात.

उन्हं कडक झाली होती. एका दुपारी हौसरावाची बायको गिताबाई भाकरी आणि पिठलं घेऊन आली. हौसरावानं हात धुतले, सावलीला बसला, आणि एक भाकरी अर्धी मोडून पलीकडं, मास्तर बसतील अशा ठिकाणी, फडक्यावर ठेवली. मास्तरांकडं मात्र पाहिलं नाही.

मास्तरांनी भाकरीकडं पाहिलं. भूक होती, पण हुरडाही याच हातांनी पुढं टाकला होता. ते वाकले, घमेलं उचललं, आणि ढिगाऱ्याकडं चालायला लागले.

"निवंल ती," मागून गिताबाई म्हणाली.

"निवू दे," हौसराव म्हणाला. "ठिवलीय म्या. हालवू नगंस."